तापलेल्या मातीतले सूक्ष्मजीव दहा वर्षांनी वेगळं वागतात, वीस वर्षांनी आणखी वेगळं

कार्बन क्रेडिटच्या बातम्या हल्ली सारख्या येतात, शेतकऱ्याने मातीत कार्बन साठवायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे असं त्यात ढोबळमानाने सांगितलेलं असतं, आणि ते वाचून बऱ्याच जणांना पहिला प्रश्न पडतो की माती कार्बन साठवते म्हणजे नक्की कुठे साठवते, कशात साठवते. दुसरा एक प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. साठवलेला कार्बन तिथे राहतो का? आणि पृथ्वी तापत असताना राहील का?

हे ठरतं मातीतल्या सूक्ष्मजीवांवर. ते गरमीत काय करतात हे बघायला अमेरिकेतल्या एका जंगलात १९९१ मध्ये एक प्रयोग सुरू झाला, ज्यात शास्त्रज्ञांनी चक्क जंगलाची जमीन तारा पुरून तापवली आणि मग वर्षानुवर्षं मोजत बसले. हवामान बदलावर जे काही मी वाचलंय त्यात या प्रयोगाइतकं मला दुसरं काहीच पटलेलं नाही, म्हणून आज तोच नीट सांगतो.

आधी मातीत काय चालतं ते बघू

पान गळतं, मूळ मरतं, किडा मरतो, सगळं मातीत जातं. या सगळ्यात कार्बन असतो, कारण झाडाने तो हवेतून घेतलेला असतो. मातीतल्या या सजीवांपासून आलेल्या कार्बनला आपल्याकडे सेंद्रिय कर्ब म्हणतात, मृदा आरोग्य पत्रिका बघितली असेल तर त्यावर हाच शब्द छापलेला असतो.

आता हा कर्ब मातीत गेला की तो जिवाणू आणि बुरशीचं खाणं होतो. ते जे खातात त्याचा एक भाग स्वतःचं शरीर बांधायला वापरतात आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतात, आपण श्वास सोडतो तसाच. शरीरात गेलेला भाग तो जिवाणू मेल्यावर परत मातीतच राहतो, चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तिथे कधी कधी शेकडो वर्षं टिकतो. म्हणजे मातीतला कर्ब संपवणारेही तेच आणि मुरवणारेही तेच, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि साठा किती आहे? जगभरातल्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आपण सगळे मिळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, आणि मातीतले सूक्ष्मजीव कुजवण्याच्या कामातून दरवर्षी त्याच्या पाचेक पट सोडतात.

मग सूक्ष्मजीव तर आपल्यापेक्षा मोठे गुन्हेगार झाले की

नाही, कारण ते जेवढं सोडतात जवळपास तेवढंच झाडं परत ओढून घेतात आणि पालापाचोळ्यातून मातीला देतात. हा व्यवहार हजारो वर्षं बऱ्यापैकी जमून होता. आपण जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन वर आणून त्यात घातला, तो जास्तीचा आहे.

काळजी वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या व्यवहारात मातीची बाजू दोन-चार टक्क्यांनी जरी वर सरकली तरी तो आकडा माणसांच्या आकड्याशेजारी ठेवण्याइतका मोठा होतो. आणि गरमीने ती सरकायला हवी असं साधं जीवशास्त्र सांगतं, उन्हाळ्यात पदार्थ लवकर नासतो त्याचंच हे कारण, तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तापमान वाढलं, माती जास्त कार्बन सोडायला लागली, त्याने आणखी तापमान वाढलं, त्याने माती आणखी सोडायला लागली, असं चक्र सुरू झालं तर ते आपण गाड्या बंद करून थांबवू शकत नाही. म्हणून हा प्रश्न एवढा गंभीर आहे.

तारा पुरलेलं जंगल

मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम नावाचं छोटं गाव आहे, तिथे हार्वर्ड विद्यापीठाचं स्वतःचं जंगल आहे, १९०७ पासून, नाव हार्वर्ड फॉरेस्ट. ओक, मेपल असली पानगळीची झाडं. मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरी या संस्थेतले जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जमिनीचे १८ चौकोन आखले, प्रत्येक ६ मीटर बाय ६ मीटर. त्यातल्या सहा चौकोनांत १० सेंटीमीटर खोल, एकमेकींपासून २० सेंटीमीटरवर, विजेच्या तारा पुरल्या आणि माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कायम ५ अंश गरम राहील अशी सोय केली. हिवाळ्यातही, उन्हाळ्यातही.

दुसऱ्या सहा चौकोनांत तशाच तारा पुरल्या पण त्यात वीज सोडलीच नाही. हे का, तर तारा पुरायच्या म्हणजे जमीन खणायची, मुळं तुटणार, माती हलणार, आणि नुसत्या खणण्यानेही कार्बन जास्त सुटू शकतो. मग जे दिसतंय ते गरमीमुळे की खणल्यामुळे हे कसं कळणार? या सहा चौकोनांशी तुलना केली की कळतं. आणि उरलेले सहा अजिबात न हात लावलेले. मला हा भाग फार आवडतो, कारण कुठल्याही प्रयोगावर विश्वास ठेवायचा की नाही हे अशाच गोष्टींवरून ठरवता येतं.

मग चौकोनांवर झाकण्या ठेवून आतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते मोजायचं. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत.

पहिली दहा वर्षं, आणि तिथे थांबले असते तर

सुरुवातीला जे व्हायला हवं होतं तेच झालं. तापवलेल्या मातीतून कार्बन जोरात सुटायला लागला. पण १९९० चं दशक संपता संपता हा जोर ओसरत गेला आणि २००० च्या आसपास तापवलेली माती आणि साधी माती यांच्यात फरकच राहिला नाही.

२००२ मध्ये याच गटाने 'सायन्स' या नियतकालिकात जे लिहिलं त्याचा अर्थ असा होता की परिणाम छोटा आहे आणि थोड्या काळाचा आहे, कारण मातीतला सहज कुजणारा कर्ब मर्यादित असतो, तो संपला की गाडी थांबते. हातात जेवढी माहिती होती तिच्यावरून हा निष्कर्ष बरोबरच होता. पैसे संपले असते, किंवा सरकारने म्हटलं असतं की दहा वर्षं पुरे झाली, तर जगाने आज हेच धरून चालवलं असतं की माती थोडी दमते आणि मग स्वतःच शांत होते.

पण प्रयोग बंद झाला नाही. २००७ पर्यंत तसंच शांत राहिलं आणि २००८ पासून तापवलेल्या मातीतून पुन्हा जास्त कार्बन सुटायला लागला, हे २०१३ पर्यंत चाललं, आणि २०१४ पासून पुन्हा शांत. २०१७ मध्ये २६ वर्षांचा हिशोब छापून आला तेव्हा चार टप्पे समोर होते, सुटणं, थांबणं, सुटणं, थांबणं. आणि एकूण गेला किती, तर वरच्या ६० सेंटीमीटर थरातला साधारण १७ टक्के कर्ब.

असं थांबून थांबून का?

दिवाळीच्या फराळाचा डबा डोळ्यासमोर आणा. चिवडा, चकली, लाडू आठवड्याभरात संपतात. मग डबा तसाच पडून राहतो, रिकामा नसतो, तळाशी कडक झालेले शंकरपाळे असतात पण त्यांना कोणी हात लावत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की खाणं संपलं. आणि मग घरात कोणीतरी असा येतो ज्याला ते चहात बुडवून खायची सवय असते, आणि डबा परत उघडायला लागतो.

मातीत चिवडा-लाडू म्हणजे साखरेसारखे, सहज तुटणारे पदार्थ. पहिल्या दहा वर्षांत ते संपत गेले. कडक शंकरपाळे म्हणजे लिग्निन, लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ, आणि त्याच्यासारखी गुंतागुंतीची इतर द्रव्यं, जी तोडायला खास प्रकारची विकरं (एन्झाइम) लागतात आणि ती सगळ्या सूक्ष्मजीवांकडे नसतात. शांत वाटणाऱ्या त्या सात वर्षांत जमिनीखाली वस्ती बदलत होती, भरपूर मऊ खाणं असताना भराभर वाढणारे मागे पडत होते आणि कमी खाण्यावर, कडक खाण्यावर, सावकाश जगणारे पुढे येत होते. तिसऱ्या टप्प्यात जो कार्बन सुटला तो या बदललेल्या वस्तीने नव्या प्रकारचं खाणं वापरायला सुरुवात केली म्हणून, असं मेलिलो आणि मंडळींचं स्पष्टीकरण आहे.

हे नुसतं अनुमान आहे की कोणी वस्ती खरंच तपासली?

तपासलीय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या क्रिस्टन डीअँजेलिस यांच्या गटाने २०१५ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते बघण्यासारखं आहे. हार्वर्ड फॉरेस्टमध्ये तोपर्यंत माती तापवण्याचे तीन वेगवेगळे प्रयोग चालू होते, ५ वर्षं झालेला, ८ वर्षं झालेला आणि हा जुना २० वर्षं झालेला. तिन्हींमधून माती घेऊन त्यातल्या जिवाणूंचे जनुकीय ठसे काढले, म्हणजे कोण कोण आहे आणि किती प्रमाणात आहे याची यादी. ५ वर्षांच्या मातीत वस्तीत ठळक फरक नाही. ८ वर्षांच्याही नाही. फक्त २० वर्षांच्या मातीत फरक दिसला, आणि तोही वरच्या कुजक्या पाचोळ्याच्या काळ्या थरात, खालच्या खनिज मातीत नाही.

अजून काय दिसलं, तर सावकाश वाढणाऱ्या प्रकारच्या जिवाणूंचं प्रमाण वाढलं होतं आणि बुरशी कमी झाली होती. बुरशीचं कमी होणं मला चिंतेचं वाटतं, कारण जंगलात झाडांच्या मुळांशी भागीदारी करून त्यांना अन्न-पाणी पोचवणाऱ्या कितीतरी बुरशी असतात.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या सेरिटा फ्रे यांनी आणखी एक गोष्ट तपासली. वर म्हटलं ना की सूक्ष्मजीव खाल्लेल्यातलं काही शरीरात घालतात आणि काही हवेत सोडतात, तर या वाटणीचं प्रमाण किती हे त्यांनी मोजलं. कडक प्रकारचं खाणं दिलं की गरमीत हे प्रमाण बिघडतं, जास्त हवेत जातं. पण १८ वर्षं तापलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तेच कडक खाणं गरमीत जास्त काटकसरीने वापरत होते, फक्त २ वर्षं तापलेल्या मातीतल्यांपेक्षा. म्हणजे वस्ती नुसती बदलत नाही, गरमीत राहायला शिकते म्हणा किंवा जे शिकलेले आहेत तेच उरतात म्हणा. याचा पुढे साठ्यावर काय परिणाम होईल हे दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं, काटकसर वाढली की प्रत्येक घासातला जास्त भाग शरीरात राहतो, पण जास्त शरीरं म्हणजे जास्त खाणारी तोंडंही.

पण झाडं वाढतात ना, ती घेतील की परत

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला मान द्यायला हवा. माती कुजते तेव्हा नुसता कार्बन सुटत नाही, नत्रही मोकळं होतं, आणि त्या भागातल्या जंगलांना नत्राची चणचण असते. म्हणजे तापलेल्या मातीतली झाडं फुकटात खत मिळाल्यासारखी वाढायला हवीत. ६ मीटरच्या चौकोनात हे तपासता येत नाही, मोठ्या झाडाची मुळं त्याच्या बाहेर जातात, म्हणून २००३ मध्ये त्याच जंगलात ३० मीटर बाय ३० मीटरचा मोठा तुकडा तापवायला सुरुवात केली. सात वर्षांनी हिशोब आला की मातीतून कार्बन गेला हे खरं, झाडांच्या लाकडात जास्तीचा साठला हेही खरं, आणि त्या वाढीला लागलेलं नत्र कुजणाऱ्या मातीतून मिळालं होतं.

तर नुकसानाचा काही भाग झाडं भरून काढतात, तरुण वाढतं जंगल असेल आणि नत्र कमी असेल तर. पण झाडातला कार्बन आणि मातीतला कार्बन एकसारखा टिकत नाही. झाड वादळात पडतं, वणव्यात जळतं, कापलं जातं. आणि ज्या जमिनीवर झाडंच नाहीत, किंवा नत्र आधीच भरपूर आहे, तिथे हा आधार मिळेलच असं नाही.

तारांनी तापवणं म्हणजे खरा हवामान बदल थोडाच

बरोबर आहे, नाहीये. इथे फक्त माती तापली, हवा नाही. शिवाय ५ अंश एकदम वाढवले, खऱ्या जगात ते हळूहळू वाढतात. म्हणून या एकाच जंगलावर सगळं ठरवू नये आणि कोणी ठरवतही नाही.

आइसलँडमध्ये निसर्गानेच हा प्रयोग करून ठेवलाय. तिथे जमिनीखाली गरम पाणी-वाफ असते, २००८ च्या मे महिन्यात भूकंप झाला आणि एका भागातली माती खालून तापायला लागली, जिथे आधी साधं गवत होतं. जवळच दुसरी जागा आहे जी ५० वर्षांहून जास्त काळ तशीच गरम आहे. तिथे काम करणाऱ्यांना दिसलं की दशकं उलटली तरी एकेका सूक्ष्मजीवाचा खाण्याचा वेग वाढलेलाच असतो, तो थंड होत नाही, पण कर्बच कमी उरल्यामुळे सूक्ष्मजीवांची संख्या घटते, आणि म्हणून एकूण सुटणारा कार्बन मर्यादेत आल्यासारखा दिसतो. वरवर बघितलं तर वाटेल माती गरमीला सरावली, प्रत्यक्षात ती गरीब झालेली असते. हा फरक फार मोठा आहे.

ओक्लाहोमाच्या गवताळ प्रदेशात २००९ पासून वरून दिवे लावून माती तापवली जाते. तिथे सात वर्षांत जिवाणू आणि बुरशी दोघांच्याही प्रकारांची संख्या कमी झाली, आणि त्यात माती कोरडी पडण्याचाही मोठा वाटा होता. हार्वर्डच्या जंगलात असं सरसकट घटणं दिसलेलं नव्हतं. जागा बदलली की उत्तर बदलतं, ओलावा असेल तर एक, नसेल तर दुसरं.

थंड देशातल्या मातीचं आपल्याला काय

बरीच वर्षं समज असा होता की उष्ण प्रदेशातली माती आधीच गरमीला सरावलेली आहे, तिला दोन-चार अंशांनी काही होणार नाही, खरा धोका थंड प्रदेशातल्या गोठलेल्या मातीला. मग पनामा कालव्यातल्या बारो कोलोराडो बेटावर, उष्ण दमट जंगलात, माती ४ अंशांनी तापवली. २०२० मध्ये निकाल आला की दोन वर्षांत तिथून सुटणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला होता. अपेक्षेपेक्षा जास्त. अर्थात हे पहिल्या दोनच वर्षांचं आहे, आणि हार्वर्डचा अनुभव बघता पहिल्या टप्प्यावरून पुढचं सांगायचं धाडस करू नये, पण उष्ण माती सुरक्षित आहे हे म्हणणं आता टिकत नाही. आपली सह्याद्रीतली जंगलंही उष्ण पट्ट्यातच येतात.

आपल्या शेतजमिनीची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, म्हणजे गमवायला फार उरलेलं नाही, आणि ते गरमीने नाही, शेणखत कमी होणं, पाचट आणि काड्या जाळणं, सतत नांगरणं यामुळे झालंय. पण अशा जमिनीत कर्ब वाढवायचा प्रयत्न आपण करतो तेव्हा तापमान त्याच्या विरुद्ध दिशेला ओढत असतं, तेवढंच शेणखत थंड प्रदेशात घातलं तर जास्त काळ टिकतं, इथे लवकर कुजून जातं. पिकाला त्याचा फायदा मिळतो, कुजण्यातूनच अन्नद्रव्यं मोकळी होतात, त्यामुळे ते वाया गेलं असं अजिबात नाही. फक्त साठा म्हणून त्याच्याकडे बघताना हिशोब वेगळा लागतो.

मग एकूण किती कार्बन जाईल?

२०१६ मध्ये जगभरातल्या ४९ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून अंदाज आला की उत्सर्जन असंच चालू राहिलं तर २०५० पर्यंत मातीतून साधारण ५५ अब्ज टन कार्बन जाईल. पण त्यात मागे-पुढे ५० अब्ज टन धरायचे होते, म्हणजे जवळपास काहीच नाही इथपासून दुप्पटपर्यंत. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने आणखी जागांची आकडेवारी घालून बघितलं तर पहिल्या अंदाजाची पद्धत तितकी चालेना. यावर काही लोक म्हणतात की बघा, शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, मग घाबरायचं कशाला. मला हे उलटं वाटतं. दिशेबद्दल भांडण फार नाही, जिथे कर्बाचा साठा मोठा आहे तिथे गरमीने तो कमी होतो. भांडण आहे ते किती आणि किती वेगाने यावर, आणि ते मिटायला लागतात पंचवीस-तीस वर्षं चालणारे प्रयोग, जे जगात मोजकेच आहेत आणि त्यातले बहुतेक अमेरिका-युरोपात. उष्ण प्रदेशात, मोसमी पावसाच्या मातीत, चार महिने चिखल आणि आठ महिने भेगा पडणाऱ्या काळ्या मातीत, असे दीर्घकाळाचे प्रयोग हवेत, कारण ओलं-कोरडं होण्याने सूक्ष्मजीवांवर जो ताण येतो तो मॅसॅच्युसेट्सच्या जंगलात समजणारच नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाबद्दल. तुमच्या शेतात कार्बन क्रेडिटची योजना घेऊन कोणी आलं तर कर्ब वाढवायला नाही म्हणू नका, कर्ब वाढलेली जमीन पाणी जास्त धरते, भुसभुशीत राहते, खत कमी लागतं, ते फायदे क्रेडिट मिळो न मिळो तुमचेच आहेत. पण सही करण्याआधी तीन गोष्टी नीट विचारून घ्या: मोजणी किती वर्षं होणार आणि किती खोलीपर्यंत, कर्ब किती वर्षं जमिनीत टिकवण्याची अट आहे, आणि चार-पाच कडक उन्हाळ्यांनी तो कमी झाला तर ती तूट कोणाच्या नावावर लागणार.